"सगळं डोक्यात आहे" म्हणून हाकलू नका, राजेहो!

२०२४ च्या पावसाळ्यात चिकनगुनियाने आपल्या नागपुरात घराघरांत मुक्काम ठोकला होता, आठवतं ना? ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरून राहिले. माझ्या आईचेही. सकाळी चहाचा कप उचलता येत नव्हता.

एका डॉक्टरने तीन मिनिटांत निकाल दिला, "जपून राहा, हे आयुष्यभर राहू शकतं." आईने चालणं सोडलं, जिना सोडला, पोळ्या लाटणं सोडलं. दुसऱ्याने रिपोर्ट नॉर्मल पाहून सांगितलं, "काकू, तुम्ही फार विचार करता. सगळं डोक्यात आहे."

माझा राग या दोन्ही वाक्यांवर आहे.

पहिलं वाक्य भीती पेरतं. दुखेल म्हणून माणूस हलत नाही. न हलल्याने सांधा आखडतो, स्नायूंची ताकद जाते. मग थोडं हललं तरी जास्त दुखतं, आणि भीती खरी वाटू लागते. झोप उडते. मेंदू कायम धोक्याच्या पवित्र्यात राहिला की साधी कळही मोठी लागते.

दुसरं वाक्य अपमान करतं. काळजीने दुखणं वाढतं म्हणजे दुखणं खोटं, हे कुठून काढलं भाऊ? टेन्शनने बीपीही वाढतं. त्याला कोणी नाटक म्हणतं काय? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या व्याख्येतच स्पष्ट केलं आहे, माणूस दुखतं म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान राखा.

कंबरेचंही तेच. एमआरआयमध्ये "गॅप आला" म्हटलं की माणूस अर्धा मरतो. पण २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, काहीच न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्याच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्यांमध्ये ९६ टक्के! हे पेशंटला काहून सांगत नाही? डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, नीट समजावणं आणि विचारांवर काम करणारी थेरपी सुचवली. पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट देऊ नका म्हटलं. आपल्याकडे मात्र आधी पट्टाच.

आईला शेवटी एक फिजिओथेरपिस्ट ताई भेटली. तिने अर्धा तास ऐकून घेतलं. "दुखतंय म्हणजे दरवेळी नुकसान होतंय असं नाही," एवढं समजावलं आणि रोज पाच मिनिटं चालायला लावलं. दुखणं पूर्ण गेलं नाही. पण आई आता स्वतः भाजी आणते.

म्हणून मागणी साधी आहे. मेडिकल असो, मेयो असो की मनपाचा दवाखाना, तीन महिन्यांवर दुखणं असलेल्याला डॉक्टरसोबत फिजिओ आणि समुपदेशक एकाच ठिकाणी भेटले पाहिजेत. समुपदेशक म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हे आपणही डोक्यातून काढायला हवं.

सूज, ताप, वजन घटणं, पाय लुळा पडणं असेल तर आधी डॉक्टर गाठा, त्यात हयगय नको. पण "आता तुझं काही खरं नाही" छाप व्हॉट्सॲप फॉरवर्ड दुखणाऱ्या माणसाला पाठवू नका. ती माहिती नसते, ती भीती असते. आणि ती दुखते.

तुमच्या घरी काय अनुभव आला? लिहा.