‘सायलेन्स’ दाबलं की झालं?

हॉस्टेलच्या अलार्म पॅनेलवर पिवळा दिवा लागून बझर वाजला, की आपण ‘सायलेन्स’ दाबून मोकळे! माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे. ‘फॉल्ट’ म्हणजे चोर आला असं नाही. उद्या आला तर मला कळेलच असं नाही, हे यंत्र सांगतंय.

‘एसी फेल’ दिसलं तर आधी लाइट, एमसीबी, फ्यूज बघा. अकलूजला लाइट जाणं नवं नाही. पण लाइट येऊन, दिवसभर चार्ज होऊनही ‘लो बॅटरी’ राहिली, तर बॅटरी बदलायला झाली समजा. ती साधारण ३ ते ५ वर्षंच टिकते. दार बंद असूनही ‘झोन ओपन’ येतं, तेव्हा बहुधा वायर तुटलेली, चुंबक सरकलेलं, नाहीतर टोकाचा रेझिस्टर सुटलेला असतो.

वॉचमनकाकांजवळ एक वही ठेवूया: तारीख, मेसेज, काय केलं. रेक्टर सरांनी आठवड्याला सही करावी.