उसन्या सुरांचा हिशेब

बँकेत पस्तीस वर्षे कर्जांचे अर्ज तपासले. त्यामुळे ‘यात स्वतःचे किती आणि उसने किती?’ हा प्रश्न घरीसुद्धा तोंडून निघायचा. मुलगा कॉलेजात असताना गिटारवर सिनेमाची गाणी बसवायचा. एकदा मी विचारले, ‘‘अरे, यात तुझं काय?’’ तो काहीच बोलला नाही. पुढे गिटार माळ्यावर गेली.

परवा त्याच मुलाने मला टॉमी इमॅन्युएल ऐकवला. 1955 साली ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा वादक. चौथ्या वर्षी त्याच्या हाती गिटार आली. पुढे अमेरिकेच्या चेट ॲटकिन्सला रेडिओवर ऐकून तो झपाटला. स्वरलिपी वाचायला तो कधी शिकलाच नाही. वडिलांनी नोकरी सोडून मुलांच्या वाद्यवृंदासह देशभर दौरे केले. 1966 मध्ये ते वारले. पुढची कितीतरी वर्षे इतरांच्या साथीला वाजवण्यात गेली. 1999 मध्ये खुद्द ॲटकिन्सनेच त्याला ‘सर्टिफाइड गिटार प्लेयर’ ही पदवी दिली. ती मोजक्याच वादकांना मिळाली आहे.

त्याच्या स्वतःच्या रचना आहेतच. पण तो बीटल्सची सर्वांना पाठ असलेली गाणीही वाजवतो. मग त्यात त्याचे काय? अंगठा खर्जाच्या तारांवर लय धरतो, बाकीची बोटे चाल आणि तिची साथ सांभाळतात. एका माणसात सगळा वाद्यवृंद! शिवाय गायक स्वर लांबवू शकतो. गिटारची तार छेडताक्षणी स्वर विझू लागतो. ती रिकामी जागा कशाने भरायची, खर्जाच्या मोकळ्या तारा कामी याव्यात म्हणून पट्टी कोणती घ्यायची, हे वादकानेच ठरवायचे.

आपल्याकडे गवई शंभर वर्षांपूर्वीची बंदिश गातो. त्याला आपण नक्कल म्हणत नाही. व्हॅन शिपले यांनी गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या आपल्या पिढीने आवडीने ऐकल्या. त्यांचे नाव मात्र सहज विसरलो.

नुसती नक्कल करणारेही पुष्कळ असतात, हे मान्य. मूळ संगीतकाराचे नाव आणि त्याचे मानधन त्याला मिळालेच पाहिजे. ते मुद्दल आहे. ते फेडून वर जे उरते, ती वादकाची स्वतःची कमाई. माझ्या प्रश्नाचे उत्तर एवढे सोपे होते. पण उत्तराची वाट न पाहता मी अर्ज नामंजूर केला होता.

गेल्या रविवारी गिटार माळ्यावरून खाली काढली. तारा गंजल्या होत्या. नव्या आणायला मीच गेलो.