यंत्र आधी की गिऱ्हाईक आधी?

टी-शर्ट, कप व भेटवस्तूंवरील छपाईच्या धंद्यात उतरणारे आपले तरुण आधी कर्ज काढून महागडे यंत्र आणतात, नंतर गिऱ्हाईक शोधतात. हा क्रम उलटा हवा. शाळेचे शंभर सुती शर्ट एक-दोन रंगांत छापायचे तर स्क्रीन प्रिंटिंगच परवडते. मात्र प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. सब्लिमेशन फिकट पॉलिस्टरवर व खास लेप दिलेल्या कपांवर उठते, सुती कापडावर टिकत नाही. फिल्मवरून चिकटवण्याची डीटीएफ छपाई गडद सुती कापडावरही चालते. पण यंत्र बंद राहिल्यास पांढरी शाई खाली बसून हेड तुंबते. म्हणून सुरुवातीला फक्त हीट प्रेस घ्यावी, छापील फिल्म बाहेरून आणावी. रोजचे काम मिळू लागल्यावरच यंत्रात भांडवल घालावे. यंत्र थांबले तरी हप्ता थांबत नाही.