आबांना कोंडू नका

कोरेगाव भीमात दिवस उजाडतो तो पाळीच्या गाड्यांनी. पुणे-नगर रस्त्यावर कंपन्यांच्या बस थांबतात. रात्रपाळीची माणसं उतरतात, पहिल्या पाळीची चढतात आणि सणसवाडी-रांजणगावकडे निघून जातात. घरात मागे राहतात आबा आणि आजी. २०२० साली टाळेबंदी सैल झाली, कारखाने हळूहळू सुरू झाले, तेव्हा घराघरांत एकच ताकीद होती : "आबा, तुम्ही उंबरा ओलांडायचा नाही." आबांनी ऐकलंही. पण विषाणू उंबरा ओलांडून आत यायचा तो रोज कामावर जाणाऱ्यांबरोबर. दोन खोल्यांच्या घरात, एका मोरीत आणि एका पंख्याखाली कोंडलेले आबा त्याला आयतेच सापडायचे.

काळजी खोटी नव्हती. २०२० च्या जुलैत केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने दिलेल्या आकडेवारीत साठीपुढची माणसं लोकसंख्येच्या सुमारे १० टक्के होती आणि कोविडच्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. चूक झाली ती पहारा कुठे बसवायचा यात. साथीत ज्येष्ठांना जपायचं असेल तर पथ्य बाहेर जाणाऱ्यांनी पाळायचं असतं. ज्येष्ठांनी आपलं चालणं, औषध, जेवण आणि बोलणं तुटू द्यायचं नसतं. आपण मात्र पथ्याचा सगळा भार आबांवर टाकला आणि त्यांचं हे रोजचं जगणंच बंद केलं.

चालण्यापासून सुरुवात करते. धडधाकट ज्येष्ठांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास एक किलोने घटलेले आढळले. तरुणाचं गेलेलं बळ लवकर भरून येतं, सत्तरीतल्या माणसाचं येता येत नाही. २०२० च्या आषाढीला आळंदी-देहूच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. एरवी वारीच्या नादाने महिनाभर आधीच पाय मोकळे करणारे कितीतरी म्हातारे त्या वर्षी खाटेवर बसून राहिले. साथ सरली तेव्हा त्यांना काठी लागली होती. वारी थांबली तरी अंगणातल्या फेऱ्या थांबवायचं कारण नव्हतं. ओट्यापासून गोठ्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ चाला. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. तोल जात असेल तर भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी उभं करून करा.

मग ताट. चहात बुडवलेलं बटर खाऊन दिवस काढणाऱ्या आजी मी घरोघर पाहते. त्याने पोट भरतं, स्नायू भरत नाहीत. मुगाची उसळ, हुलग्याचं माडगं, पिठलं, दही, चालत असेल तर अंडं, यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून तांब्या डोळ्यांसमोर ठेवा.

औषधात खंड नको. टाळेबंदीत दवाखाना लांब पडला म्हणून अनेकांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या सुटल्या. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात जो कहर केला, त्यामागे ताब्यात नसलेली साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही मोठी कारणं होती. महिनाभराच्या गोळ्या घरात शिल्लक असाव्यात. त्यांची नावं आणि वेळा एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दारावर चिकटवावा. काढा प्यायला हरकत नाही, पण तो गोळीची जागा घेत नाही.

सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे आजार ओळखणं. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. आजी आज गप्प आहेत, ताट तसंच सरकवलं, चालताना तोल जातोय, वेळेचं भान नाही, असं दिसलं की घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात. असा बदल अचानक झाला तर तो आजार समजून डॉक्टरांना गाठा. कोविडमध्ये दम न लागताही रक्तातला ऑक्सिजन उतरत असे. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्य कर्मचारी दारोदार बोटाला ऑक्सिमीटर लावत फिरले ते त्यासाठीच. आकडा ९४ च्या खाली गेला की घरी थांबायचं नाही, हे तेव्हा शिकलो. ते विसरू नये.

लशीचंही तसंच. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस खुली झाली. कोविशील्ड तयार होत होती ती आपल्याच पुणे जिल्ह्यात, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तरी "बघू पुढे" म्हणत बसलेले आबा गावोगाव होते. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस घ्यावी का, हे डॉक्टरांना आताच विचारा.

त्याच हडपसर परिसरात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. ती सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६. आज आपण त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हटलं असतं. साथीत म्हातारी माणसं नुसती सांभाळली जात नाहीत, इतरांना सांभाळतातही. सून कामावर गेल्यावर तापलेल्या नातवाच्या कपाळावर पट्ट्या ठेवते ती आजीच. म्हणून चांगला मास्क आणि उघडी खिडकी आधी तिच्या वाट्याला यायला हवी.

राहिलं बोलणं. १ जानेवारी २०२१ ला कोरेगाव भीमाच्या लढाईची आठवण असलेल्या जयस्तंभाला घरूनच मानवंदना द्या, असं आवाहन करावं लागलं. गर्दी टाळणं तेव्हा योग्यच होतं. पण गर्दी टाळणं म्हणजे माणसं टाळणं नव्हे. मोकळ्या हवेत, पारावर दोन हात अंतर ठेवून बसलेले चार म्हातारे बंद खोलीत टीव्हीपुढे बसलेल्या माणसापेक्षा सुरक्षित असतात आणि आनंदीही. ज्यांना बोलायला कुणीच नाही, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे.

पाळीवरून घरी येणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. आधी हात-पाय धुवा, कपडे बदला. सर्दी-खोकला असेल तर मास्क लावा आणि वेगळे झोपा. मग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दहा मिनिटं बसा आणि आबांना विचारा : गोळी घेतली का, किती फेऱ्या झाल्या, काय खाल्लं? साथ नसतानाही रोज विचारा. ज्याला आबांचं रोजचं ठाऊक आहे, त्यालाच एखाद्या दिवशी त्यांचं बिनसलेलं वेळेवर कळेल.