अण्णांचं नाक



या सदरात मी एरवी कॉम्प्युटरबद्दल लिहितो. आज नाकाबद्दल लिहिणार आहे. कॉम्प्युटर मध्येच येईल, पण सुरुवात बोरगावातल्या आमच्या स्वयंपाकघरातून.

मागच्या दिवाळीत बंगळूरहून गावी गेलो होतो. पहाटे पाणी प्यायला उठलो, तर दाराशीच गॅसचा उग्र वास. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं आणि अण्णा चहा ठेवायला शांतपणे लायटर शोधत होते! मी धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही.

"अण्णा, वास येत नाही काय तुम्हाला?"

"कसला रे?" अण्णा म्हणाले.

हे माझे वडील. उभं आयुष्य निपाणीत तंबाखूच्या वखारीत काढलेलं. चिमूटभर तंबाखू तळहातावर चुरून नाकाशी नेली की माल यंदाचा की जुना, ओल लागलेला की कोरडा, हे एका दमात सांगायचे. व्यापारी थांबून त्यांचं मत घ्यायचे. त्यांना गॅसचा वास येत नव्हता.

आई तर चार-पाच वर्षं सांगत होती, "दूध करपलं तरी ह्यांना पत्त्या नसतोय. लक्षच नसतंय कशात." आम्ही हसायचो. म्हातारपण म्हणायचो.

जानेवारीत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला म्हणून कोल्हापूरला दाखवलं. डॉक्टरांनी हात तपासला, चालायला लावलं आणि मग विचारलं, "यांना वास कधीपासून येत नाही?" आजाराचं नाव पार्किन्सन. या आजारात हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी अनेकांचा वास जातो. म्हणजे निरोप आला होता, आम्हीच तो थट्टेवारी नेला.

घरी आल्यावर नाक आणि मेंदू यांच्यावर मिळेल ते वाचत सुटलो. त्यात एक गोष्ट अशी सापडली, की इंजिनिअर म्हणून थक्क झालो.

शाळेत आपण चेतापेशीचं चित्र काढलंय. एका बाजूला झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका, म्हणजे डेंड्राइट, आणि दुसऱ्या बाजूला लांब शेपूट, म्हणजे अ‍ॅक्सॉन. निरोप वृक्षिकांतून आत येतो आणि अ‍ॅक्सॉनमधून पुढच्या पेशीकडे जातो. बाणाची दिशा एकच. हा नियम मांडणारे स्पेनचे रामोन ई काहाल यांना 1906 साली गॉल्जी यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

पण नाकाच्या वर, मेंदूच्या बुडाशी घ्राणकंद नावाचा छोटा भाग आहे. वासाची बातमी मेंदूत पहिल्यांदा तिथे पोचते. तिथल्या मुख्य पेशी म्हणजे मायट्रल पेशी. त्यांच्या आजूबाजूला ग्रॅन्यूल पेशींची दाटी असते आणि गंमत म्हणजे या ग्रॅन्यूल पेशींना अ‍ॅक्सॉनच नसतो. मग त्या बोलतात कशा? वृक्षिकांमधूनच. मायट्रलची वृक्षिका आणि ग्रॅन्यूलची वृक्षिका थेट एकमेकींना भिडतात आणि त्याच जागी, अगदी शेजारी-शेजारी, दोन उलट दिशांचे सिनॅप्स असतात. एक जाणारा, एक येणारा.

आपल्या गावातली भिंतीला भिंत लागून असलेली घरं आठवा. एका घरात टीव्ही मोठा झाला की पलीकडची आजी भिंतीवर थाप मारते, "जरा हळू!" आवाज ज्या भिंतीतून गेला, तिच्यातूनच थाप परत येते. घ्राणकंदात हेच चालतं. मायट्रल पेशी ग्लुटामेट सोडून ग्रॅन्यूलला चेतवते आणि ग्रॅन्यूल लगेच गाबा नावाचं रसायन सोडून तिला आवरते. शिवाय आजी दुसऱ्या बाजूच्या घरांनाही गप्प करते, म्हणजे आसपासच्या मायट्रल पेशींनाही. त्यामुळे सगळा कालवा न होता नेमका वास उठून दिसतो.

हे सापडलं कसं, तो माझ्या धंद्याचा भाग. 1960 च्या दशकात अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विल्फ्रिड रॉल आणि गॉर्डन शेफर्ड यांनी घ्राणकंदाचं गणिती मॉडेल कॉम्प्युटरवर चालवलं. प्रत्यक्ष मोजलेल्या विजेच्या लहरींशी ते जुळवताना त्यांच्या ध्यानात आलं, की बाण एकाच दिशेने धरला तर हिशेब लागत नाही. वृक्षिका वृक्षिकेशी बोलत असली पाहिजे, तीही दोन्ही बाजूंनी. त्याच संस्थेत टॉम रीझ आणि मिल्टन ब्राइटमन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घ्राणकंद पाहत होते. त्यांना नेमके तसेच जोडीचे सिनॅप्स दिसले. 1966 साली चौघांनी मिळून ते प्रसिद्ध केलं. प्रोग्रॅमचं उत्तर चुकलं की आपण आधी कोड तपासतो. कधीकधी हातातला नकाशाच अपुरा असतो.

आता म्हणाल, या थापेचा उपयोग काय? 2010 साली निक्सन अब्राहम आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ग्रॅन्यूल पेशींचा हा आवर वाढवला, तर उंदीर एकमेकांसारखे वास लवकर ओळखू लागले. कमी केला, तर त्यांना जास्त वेळ लागला. अगदी वेगळे वास ओळखण्यात मात्र फरक पडला नाही. हेच डॉ. अब्राहम पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले आणि कोविडच्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेने रुग्णांची वास ओळखण्याची क्षमता यंत्राने मोजली.

यंदाची तंबाखू आणि जुनी तंबाखू, हे असेच दोन सारखे वास. अण्णांचं कसब त्या भिंतीवरच्या थापांवर उभं होतं, हे वाचताना पहिल्यांदा कळलं. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि त्या घ्राणकंदात फार लवकर दिसतात. म्हणजे हाताच्या आधी घाव तिथे बसतो.

घाबरवायला हे लिहीत नाही. सर्दी, सायनस, नाकातले मस्से, कोविड, डोक्याला मार, नुसतं वय, अशा कितीतरी कारणांनी वास जातो आणि त्यातल्या बहुतेकांचा पार्किन्सनशी संबंध नसतो. पण आपल्यातले बरेच जण नोकरीसाठी लांब आहेत आणि आई-वडील गावी. फोनवर आपण साखर विचारतो, बीपी विचारतो. वास येतो का, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला घरी गेलात की डोळे मिटायला सांगून हिंग, कॉफी, साबण, लवंग नाकाशी धरा. ओळखता येत नसेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. आणि तोवर घरात गॅस गळती ओळखणारा अलार्म बसवा. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. ज्याला वास येत नाही, त्याच्यासाठी ती सोय फुकट. गळतीच्या तक्रारीचा नंबर 1906. काहालच्या नोबेलचं सालही तेच, म्हणून माझ्या तरी लक्षात राहिला.

आमच्याकडे अलार्म बसलाय. अण्णांची औषधं चालू आहेत. गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचा सरावही चालू आहे. काहींना त्याने थोडा फायदा होतो, सगळ्यांना नाही. परवा आईने फोनवर सांगितलं, "लवंग वळखली म्हणत्यात. पर डबा उघडताना बघितला असंल."

खरं काय ते ठाऊक नाही. पण आता आई करपलेल्या दुधावरून त्यांना बोलत नाही. दूध ती स्वतःच तापवते आणि मी रोज फोनवर विचारतो, "अण्णा, आज कसला वास आला?"