गिरणीचा मॉल झाला, धोट्याचा हिशोब कोण देणार?

लोअर परळला गिरणीची चिमणी आता शोभेची वस्तू झाली आहे. पायथ्याशी दिवे, बाजूला कॅफे, आणि रविवारी सकाळी वारसा फेरीला आलेली मंडळी तिच्यासमोर फोटो काढत असतात. फेरीत एकच गोष्ट ऐकू येते : इथे कष्टकऱ्यांचे गिरणगाव होते, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते, मग १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, मॉल आले आणि सगळे संपले.

या गोष्टीतला 'सगळे' हा शब्द आम्हाला मान्य नाही.

गिरणीत सगळे एका दाराने आत जात, पण आत गेल्यावर वाटा वेगळ्या होत. विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, मजुरी जास्त. तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी कमी पगाराच्या रिंग खात्यात जन्म काढला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. मालक शोषण करतो म्हणून गळा काढणाऱ्यांना शेजारी उभ्या कामगाराचे शोषण दिसत नव्हते. आजच्या वारसा फेरीलाही ते दिसत नाही.

म्हणून गिरण्या गेल्या याचे नुसते रडगाणे आम्ही गाणार नाही. पण त्या ज्या रीतीने गेल्या, त्याचा जाब मात्र विचारणार.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, असा त्याचा अर्थ होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, ज्या जमिनीवर इमारती उभ्या आहेत ती त्यातून वगळायची! गिरणी म्हटली की बहुतेक जागा इमारतींनीच व्यापलेली. म्हणजे ज्या इमारतींत कामगाराने घाम गाळला, त्याच इमारती त्याच्या घराच्या आड आल्या. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मग त्याच आवारांत कार्यालये, दुकाने आणि पब थाटले गेले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या पबमध्ये आग लागून १४ माणसे मेली, तेव्हा कुठे या इमारतींच्या आत काय चालले आहे, असा प्रश्न शहराला पडला.

काही मित्र म्हणतात, मॉलच्या दारात कोणी जात विचारत नाही, हे काय कमी आहे? कमी नाही. गावकुसाबाहेरून आलेल्या आम्हाला शहराने दिलेली मोकळीक आम्ही नाकारत नाही. पण मॉलमध्ये फिरण्याची मोकळीक वेगळी आणि मॉलमधली वाटणी वेगळी. तिथला संडास धुणारा, कचरा उचलणारा, रात्रपाळीला झाडू मारणारा कंत्राटी कामगार कोणत्या वस्तीतून येतो ते एकदा त्याच्याशी बोलून पाहा. आणि दुकानाचा गाळा कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. इमारतीचा धंदा बदलला. कामाची उतरंड बदलली का?

याच शहरात एका गिरणीचे वेगळे घडले. दादरच्या चैत्यभूमीजवळची इंदू मिल. डिसेंबर २०११ मध्ये आंबेडकरी कार्यकर्ते तिच्या आवारात घुसले आणि ठाण मांडून बसले. ती साडेबारा एकर जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली ती कोणाच्या दयेने नाही, लोकांच्या रेट्याने. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झाले. गिरणीच्या जागेचा मॉलच होतो, दुसरे काही होऊच शकत नाही, हे म्हणणे इंदू मिलने खोटे पाडले आहे. मात्र तिथे नुसता उंच पुतळा पुरणार नाही. संशोधन, ग्रंथालय आणि आमच्या मुलांना बसून वाचायची जागा हीच त्या स्मारकाची खरी उंची असेल.

आता काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय उभारायला घेतले आहे. आमची मागणी साधी आहे. तिथे साचा ठेवा, भोंगा ठेवा, चिमणी राखा. त्याबरोबर काचेच्या पेटीत एक धोटाही ठेवा आणि तो कोणाला हातात घेऊ दिला जात नव्हता, ते मोठ्या अक्षरांत लिहा. घराची वाट पाहत थकलेल्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरे द्या. आणि मॉल झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराला कायम करा.

नुसत्या विटा जपणे म्हणजे वारसा जपणे नव्हे. त्या विटांच्या आड माणसाला माणूस न मानणारी जी व्यवस्था होती, तिचे नाव घ्यायची हिंमत नसेल, तर तुमची वारसा फेरी ही मॉलचीच जाहिरात आहे.

जय भीम!