'अभिजात' : कुळाचा शब्द की बांधणीचा?

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'अभिजात' हा शब्द जितका मानाचा, तितकाच संदिग्ध राहिला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून त्याचा मान आणखी वाढला. संदिग्धता मात्र तशीच राहिली. भाषेच्या प्राचीनतेची शासकीय कसोटी आणि कलाकृतीच्या मूल्यमापनाची कसोटी या दोन भिन्न गोष्टी होत. तरीही जुने ते अभिजात आणि प्रतिष्ठित ते अभिजात, हे समीकरण समीक्षेत निर्वेधपणे वावरताना दिसते.

दोषाचे मूळ शब्दाच्या कुळकथेतच आहे. संस्कृतात 'अभिजात' म्हणजे कुलीन. ज्या 'क्लासिकल'चा हा पर्याय, तोही वर्गवाचकच. मालमत्तेनुसार पाडलेल्या रोमन नागरिकांच्या वर्गांपैकी वरच्या वर्गातला तो 'क्लासिकस'. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने हे विशेषण लेखकाला लावले आणि त्याच्या विरुद्ध टोकाला 'प्रोलेतारियस', म्हणजे निर्धन, लेखक ठेवला. दोन्ही भाषांत हा शब्द गुणाआधी जन्म आणि मिळकत विचारतो.

ग्रीक-रोमन वास्तुविद्येने मात्र या शब्दाला निराळा आशय दिला, आणि नेमका तोच मराठीत येताना गळाला. 'डोरिक ऑर्डर', 'आयोनिक ऑर्डर' यांचे भाषांतर बहुधा 'शैली' असे केले जाते. त्यामुळे १८३३ साली पूर्ण झालेल्या मुंबईच्या टाऊन हॉलचे डोरिक स्तंभ पाहणाऱ्यास तो एक बाह्य थाट वाटतो. वस्तुतः ऑर्डर म्हणजे थाट नव्हे, तर संबंधांची व्यवस्था. स्तंभ, स्तंभशीर्ष, त्यावरील तुळई, पट्ट आणि कंगणी यांपैकी कोणताही घटक एकटा अर्थपूर्ण नसतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील व्हिट्रुव्हियसच्या दहा खंडांच्या ग्रंथात स्तंभाची जाडी हेच परिमाण आहे. दोन स्तंभांतील अंतर जाडीच्या दीडपट ठेवले तर रचना दाटते. सव्वादोनपट ठेवले तर ती सर्वांत सुखावह होते. ज्या पाच ऑर्डर्सची यादी पाठ केली जाते, ती सेर्लिओने १५३७ साली रूढ केली. व्हिट्रुव्हियसच्या लेखी याद्यांपेक्षा प्रमाण महत्त्वाचे होते.

हे सारे परके आहे, असा आक्षेप येईल. मिरजेसारख्या पटवर्धनी गावातील जुन्या वाड्यांची परिभाषा त्याला पुरेसे उत्तर देते. तळखडा, खांब, तुळई, कडी हे शब्द परस्परांवाचून उभे राहत नाहीत. आणि सोपा मोजला जातो तो खणांत, म्हणजे दोन खांबांमधील मोकळ्या जागेत. मोकळी जागा हेच माप मानणाऱ्या सुताराला व्हिट्रुव्हियसचा हिशेब समजावून सांगावा लागला नसता. डोरिक पट्टावरील उभ्या खाचांच्या फळ्या या लाकडी तुळयांच्या टोकांची दगडातील आठवण होत, असे व्हिट्रुव्हियसही सांगतो. म्हणजे संगमरवरी मंदिराच्या मुळाशीही सुतारकामच आहे.

ही दृष्टी साहित्याला लावली की प्रतिष्ठेची उतरंड ढासळते. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. तीन समान चरणांनी उभारलेला भार आखूड चौथ्या चरणावर येऊन स्थिरावतो. प्रमाणबद्धतेच्या अर्थाने मराठीत याहून अभिजात रचना दाखविणे कठीण. तरीही अभंगाला 'सहज', 'उत्स्फूर्त', 'लोकाभिमुख' ही विशेषणे मिळतात आणि 'अभिजात' हे पंडिती काव्याकडे सहज जाते. गेलियसचा निर्धन लेखक येथे वेगळ्या वेषात दाराबाहेर उभा आहे.

प्रमाणाचा आग्रह म्हणजे कोरडी आकडेमोड, हा दुसरा आक्षेप. तोही टिकत नाही. पार्थेनॉनचे स्तंभ गणिती सरळ रेषेत निमुळते होत नाहीत. त्यांना मध्ये किंचित फुगवटा आहे. तो व्यवस्थेमुळेच अर्थपूर्ण ठरतो. अभंगात एखादे अक्षर वाढते किंवा घटते, तेही असेच. जिथे नियमच ठाऊक नाही, तिथे स्खलन कोणते आणि कौशल्य कोणते, हे समीक्षक ठरविणार कसे?

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडून कलाकृतीतील संबंधांनाच केंद्रस्थान दिले होते. पुढील समीक्षेने 'घाट' हा शब्द उचलला आणि त्यामागचा हिशेब टाकून दिला. आता 'अभिजात' या शब्दाचेही तेच होऊ घातले आहे. यापुढे हे विशेषण योजणाऱ्याने कृतीचे वय किंवा कूळ सांगून भागणार नाही. तिचा तळखडा कोणता, तुळई कशावर टेकली आहे आणि खण किती रुंद आहे, हे त्याला दाखवावे लागेल. ते दाखविता येत नसेल, तर हे विशेषण समीक्षेने शासकीय अधिसूचनेपुरतेच राहू द्यावे.